विश्लेषण : रिकामी स्कूबा टाकीही विमानतळावर का अडवली जाते?

पावसाळा संपून समुद्र निवळला की मालवण, तारकर्ली, गोवा, नेत्राणी, अंदमान आणि लक्षद्वीपकडे स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. पूर्वी हौसेने एकदा पाण्याखाली जाऊन येणारे पर्यटकच अधिक असत. आता प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवणारे आणि स्वतःचा मास्क, रेग्युलेटर, जॅकेट विकत घेणारेही वाढले आहेत. सगळे साहित्य स्वतःचे असेल, तर हवेची टाकीही स्वतःची का नेऊ नये, असा प्रश्न मग साहजिकच पडतो.

त्याचे थोडक्यात उत्तर असे : भरलेली टाकी प्रवासी म्हणून सामानात नेता येत नाही. रिकामी टाकी नेता येते, पण तिचा व्हॉल्व्ह काढलेला असेल आणि विमान कंपनीने होकार दिला असेल तरच. काटा शून्यावर आहे, टाकी हलकी लागते आहे, ‘आत काही नाही हो’ असे प्रवासी शपथेवर सांगतो आहे, यातले काहीही पुरत नाही. असे का, हे समजून घेतले तर हवाई सुरक्षेचे एक मूलभूत तत्त्वही लक्षात येते.

टाकीत नेमके काय असते?

बोलीभाषेत सर्रास ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हटले जाते, पण हौशी डायव्हरच्या पाठीवरील टाकीत शुद्ध ऑक्सिजन नसतो. आपण श्वासावाटे घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून, कॉम्प्रेसरने दाबून भरलेली असते. तिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतांश नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन साधारण सहा मीटरपेक्षा खोल पाण्यात विषारी ठरू शकतो आणि त्यामुळे झटके येऊन डायव्हर बुडण्याचा धोका असतो. काही प्रशिक्षित डायव्हर ३२ किंवा ३६ टक्के ऑक्सिजन असलेले ‘नायट्रॉक्स’ मिश्रण वापरतात. मात्र ती वेगळी टाकी, तिच्यावरील पट्टी वेगळी आणि तिचे प्रशिक्षणही वेगळे.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दाबाखालील साधी हवा ‘यूएन १००२’ या क्रमांकाने, ज्वालाग्राही नसलेल्या व बिनविषारी वायूंच्या २.२ या विभागात मोडते. शुद्ध ऑक्सिजन ‘यूएन १०७२’ म्हणून वेगळा नोंदला जातो आणि आग भडकवणारा हा जादा धोका त्याला चिकटतो. ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेल्या नायट्रॉक्सकडेही आगीला पोसणारा वायू म्हणूनच पाहिले जाते. त्यामुळे विमानतळाच्या काउंटरवर ‘ऑक्सिजन सिलिंडर आहे’ असे सांगणे म्हणजे स्वतःच स्वतःला अधिक कडक रांगेत उभे करणे होय.

तिच्यात ताकद किती असते?

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी सुमारे ११ लिटर आकारमानाची असते. तिच्यात २०० बारच्या आसपास दाबाने हवा भरली जाते. म्हणजे ११ लिटरच्या जागेत बाहेरची जवळपास २,२०० लिटर हवा कोंबलेली असते. या हवेचेच वजन अडीच किलोहून अधिक भरते. मोटारीच्या टायरमधील दाब साधारण सव्वादोन बार असतो. त्या मानाने स्कूबा टाकीतील दाब जवळपास ९० पट आहे.

भौतिकशास्त्राच्या ढोबळ हिशेबाने, अशी भरलेली टाकी एकाएकी फुटली तर बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे १०० ग्रॅम टीएनटीच्या घरात जाते. आत पेटणारे काही नसले तरी नुसता दाबही मोठे नुकसान करू शकतो. म्हणूनच ‘हवाच तर आहे’ हा युक्तिवाद सुरक्षा तपासणीत टिकत नाही.

उंचीवर गेल्यावर टाकी फुटते का?

हा सर्वांत प्रचलित गैरसमज. विमान उंच गेले की बाहेरची हवा विरळ होते, त्यामुळे टाकी आतून फुगते आणि फुटते, असे अनेकांना वाटते. चिप्सचे पाकीट विमानात टम्म फुगलेले सगळ्यांनी पाहिलेले असते. पण पाकिटाचे गणित टाकीला लागू होत नाही.

समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण एक बार असतो. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये तो जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका, म्हणजे सुमारे पाऊण बारपर्यंत, उतरू दिला जातो. प्रवासी विमानांत सामानाचा मालकक्षही दाब राखलेल्या भागातच असतो. म्हणजे टाकीच्या भिंतीवर वाढणारा ताण पाव बारचा. २०० बार सहन करण्यासाठी बनवलेल्या भांड्याला पाव बार म्हणजे हजारात एखादा हिस्सा. अगदी विमानातील सगळा दाब निघून गेला, तरी फरक एका बारपेक्षा जास्त पडणार नाही. टाक्यांची चाचणी तर नेहमीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाबावर घेतलेली असते. त्यामुळे केवळ उंचीमुळे सुस्थितीतील टाकी फुटत नाही.

मग धोका कशाचा?

धोके तीन आहेत आणि तिघांचाही उंचीशी फारसा संबंध नाही.

पहिला, व्हॉल्व्हचा. टाकीच्या तोंडाशी असलेला पितळी व्हॉल्व्ह हा तिचा सर्वांत नाजूक भाग. सामान चढवता-उतरवताना टाकी जोरात आपटून व्हॉल्व्ह तुटला, तर कोंडलेली हवा एका दिशेने सुटते आणि चौदा-पंधरा किलोची टाकी तोफगोळ्यासारखी धावते. बॅगा कशा फेकल्या जातात, हे विमानाच्या खिडकीतून पाहिलेल्या कोणालाही ही शक्यता पटेल.

दुसरा, उष्णतेचा. बंद भांड्यातील वायू तापला की दाब वाढतो. २० अंश सेल्सिअसला २०० बार असलेला दाब ६० अंशांना सुमारे २२७ बारवर जातो. एवढे टाकी सहज सोसते. पण मालकक्षात आग लागली तर परिस्थिती पालटते. ॲल्युमिनियमची टाकी साधारण १७५ अंशांपलीकडे तापली, की धातूची मजबुती कायमची घटू शकते. अशी टाकी पुन्हा वापरू नये, ती बाद करावी, असा नियम आहे. म्हणजे आगीत एकीकडे दाब चढत जातो आणि दुसरीकडे भिंत कमकुवत होत जाते. अमेरिकी पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये दाब फार वाढल्यास फुटून हवा सोडणारी सुरक्षा चकती असते. मात्र ती सगळ्याच टाक्यांना नसते. नायट्रॉक्सची टाकी असेल, तर सुटलेला वायू आगीलाच हातभार लावतो.

तिसरा, टाकीच्या स्थितीचा. आतून गंजलेली पोलादी टाकी किंवा मानेशी सूक्ष्म तडे गेलेली ॲल्युमिनियमची टाकी बाहेरून ठणठणीत दिसू शकते. १९८०च्या दशकापर्यंत टाक्यांसाठी वापरला गेलेला ‘६३५१’ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू यासाठी कुप्रसिद्ध आहे. सततच्या ताणाने त्याच्या मानेशी तडे जात असल्याचे दिसून आल्यावर अमेरिकेत अशा टाक्यांसाठी खास तपासणी बंधनकारक करण्यात आली. प्रवाशाची टाकी कोणत्या धातूची, किती जुनी, तिची चाचणी कधी झाली, हे चेक-इन काउंटरवर कोण तपासणार?

विमानात टाकी फुटल्याचे उदाहरण आहे का?

आहे, पण ती टाकी प्रवाशाची नव्हती. २५ जुलै २००८ रोजी क्वान्टासचे बोइंग ७४७ विमान हाँगकाँगहून मेलबर्नकडे निघाले होते. २९,००० फुटांवर असताना मोठा आवाज झाला आणि केबिनमधील दाब उतरला. पुढील मालकक्षाशेजारी विमानाच्या स्वतःच्या आपत्कालीन ऑक्सिजन व्यवस्थेतील सिलिंडरांची रांग होती. त्यातला एक सिलिंडर फुटला होता. विमानाच्या अंगाला सुमारे दोन मीटर बाय दीड मीटरचे भगदाड पडले. सिलिंडरचा भाग वर उसळून केबिनची जमीन भेदून आत शिरला आणि दाराच्या मुठीवर आदळला. वैमानिकांनी विमान खाली आणून मनिलाला सुखरूप उतरवले. विमानातील ३६५ जणांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने प्रदीर्घ तपास केला. तरीही सिलिंडर नेमका का फुटला, हे निश्चित होऊ शकले नाही, कारण तो भगदाडातून बाहेर पडून समुद्रात गेला होता. विमानासाठीच बनवलेला, नोंदीत असलेला, नियमित तपासला जाणारा सिलिंडरही असा दगा देऊ शकतो. मग ज्याची कुंडली कोणालाच ठाऊक नाही, अशा प्रवाशाच्या टाकीबाबत यंत्रणा जोखीम पत्करत नाही, यात नवल ते काय?

नियम कोण ठरवते?

धोकादायक मालाच्या हवाई वाहतुकीचा पाया शिकागो कराराच्या १८व्या परिशिष्टात आहे. त्याआधारे संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटना तांत्रिक सूचना प्रसिद्ध करते. विमान कंपन्यांची संघटना ‘आयाटा’ दरवर्षी आपली नियमावली काढते आणि बहुतेक कंपन्या व्यवहारात तीच वापरतात. भारतात धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी २००३ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, पाहते. सामानाच्या सुरक्षा तपासणीचे निकष नागरी हवाई वाहतूक सुरक्षा विभाग ठरवतो आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर तपासणी करतात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान.

या साऱ्या नियमांचा गाभा एकच : धोकादायक माल प्रवाशाच्या सामानात चालणार नाही. ज्या मोजक्या वस्तूंना सवलत आहे, त्यांची यादी ठरलेली आहे. भरलेली स्कूबा टाकी त्या यादीत नाही. ती चेक-इन बॅगेत चालत नाही आणि केबिन बॅगेतही नाही. पाण्यात आणीबाणीसाठी ठेवली जाणारी, हातात मावणारी छोटी हवेची बाटलीही याच नियमात येते. आकार लहान असला तरी आतील दाब तेवढाच असतो.

रुग्णांच्या ऑक्सिजनचा नियम वेगळा आहे. वैद्यकीय गरजेसाठी पाच किलोपर्यंत एकूण वजनाचा छोटा सिलिंडर विमान कंपनीच्या पूर्वपरवानगीने नेण्याची तरतूद आयाटाच्या यादीत आहे. मात्र अमेरिकेत प्रवाशाला स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर नेता येत नाही आणि इतरत्रही अनेक कंपन्या परवानगी देत नाहीत. वैद्यकीय सवलतीचा दाखला देऊन डायव्हिंगची टाकी नेता येत नाही, हे तर उघडच आहे.

‘रिकामी’ कोणाला म्हणायचे?

खरी मेख इथे आहे. तांत्रिक सूचनांनुसार, २.२ विभागातील वायू २० अंश तापमानाला २०० किलोपास्कलपेक्षा, म्हणजे दोन बारपेक्षा, कमी दाबाखाली असेल आणि द्रवरूप नसेल, तर तो धोकादायक माल ठरत नाही. कागदावर पाहिले, तर जवळपास रिकामी टाकी नेण्यास त्यामुळे हरकत नसावी.

पण टाकीत दोन बार आहे की दोनशे, हे बाहेरून कळणार कसे? टाकीला स्वतःचा काटा नसतो. तो रेग्युलेटरला असतो, आणि काटा बिघडलेला किंवा मुद्दाम बिघडवलेला असू शकतो. क्ष-किरण यंत्रावर धातूची जाड भिंत दिसते. आतील हवा दिसत नाही आणि भिंतीआड काही लपवले असेल, तर तेही स्पष्ट होईलच असे नाही. व्हॉल्व्ह उघडून हवा सोडून दाखवली, तरी तो नंतर बंद केला की पुन्हा तीच शंका.

म्हणूनच अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने नियम अगदी सुटसुटीत केला आहे. व्हॉल्व्ह टाकीपासून पूर्णपणे वेगळा केलेला हवा. टाकीचे तोंड उघडे हवे आणि आत डोकावून पाहता आले पाहिजे. तरच ती सामानात चालेल. व्हॉल्व्ह बसवलेला असेल, तर काट्यावर शून्य दिसत असले तरी टाकी नाकारली जाते. तपासणी कर्मचारी स्वतः व्हॉल्व्ह काढून देत नाहीत. अन्य देशांतील बहुतेक कंपन्यांची अपेक्षाही याच धर्तीची असते. मात्र अंतिम निर्णय कंपनीचा आणि सुरक्षा यंत्रणेचा. त्यामुळे एका विमानतळावर चाललेली टाकी परतीच्या विमानतळावर अडू शकते.

‘रिकामे’ या शब्दाची किंमत

यंत्रणा तोंडी हमीवर का विसंबत नाही, याचे उत्तर फ्लोरिडातील एका दुर्घटनेत सापडते. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट कंपनीचे डीसी-९ विमान मायामीहून अटलांटाकडे निघाले. त्याच्या मालकक्षात केबिनमधील मास्कना ऑक्सिजन पुरवणारी, मुदत संपलेली रासायनिक उपकरणे खोक्यांत भरून ठेवली होती. ती टाक्या नव्हती. चालू झाली की रासायनिक अभिक्रियेने ऑक्सिजन तयार करणारी आणि त्या वेळी प्रचंड तापणारी ही उपकरणे होती. ती चुकून चालू होऊ नयेत म्हणून लावायच्या सुरक्षा टोप्याही बसवलेल्या नव्हत्या. सोबतच्या कागदावर मात्र त्यांची नोंद ‘रिकामे’ अशी होती.

उड्डाणानंतर काही मिनिटांतच आग लागली. त्या विमानाचा मालकक्ष हवाबंद होता. आगीला ऑक्सिजन मिळणार नाही आणि ती आपोआप विझेल, अशी त्यामागची कल्पना. पण इथे मालच ऑक्सिजन पुरवत होता. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि त्यातील सर्व ११० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेत अशा मालकक्षांत धूर ओळखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा बसवणे सक्तीचे झाले.

मालकक्षात काय ठेवले आहे, याची खरी माहिती वैमानिकांपर्यंत पोहोचलीच नव्हती. एका चुकीच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आज टाकीचे तोंड उघडे करून दाखवा, असे सांगितले जाते त्यामागे हीच जाणीव आहे.

मग भरलेली टाकी विमानातून कधीच जात नाही का?

जाते, आणि अनेकांना याचेच आश्चर्य वाटेल. जी भरलेली टाकी सामानात नाकारली जाते, तीच टाकी रीतसर कार्गो म्हणून पाठवली, तर प्रवासी विमानाच्या पोटातूनही जाऊ शकते. नियमावलीनुसार दाबाखालील हवेचे एका नगात ७५ किलोपर्यंत वजन प्रवासी विमानात, तर १५० किलोपर्यंत फक्त मालवाहू विमानात नेता येते. अर्थात, एखाद्या कंपनीने यावर स्वतःची बंदी घातलेली असू शकते.

मग धोका नाहीसा होतो का? नाही, पण तो सर्वांना ठाऊक होतो. पाठवणाऱ्याने त्यासाठी प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. टाकी मान्यताप्राप्त आणि चाचणीची मुदत न संपलेली हवी. व्हॉल्व्हला संरक्षण हवे. नगावर यूएन क्रमांक आणि हिरवे लेबल हवे. सोबत सही केलेले घोषणापत्र हवे. कंपनीचा प्रशिक्षित कर्मचारी ते तपासतो, नग कुठे आणि कशापासून दूर ठेवायचा हे ठरते, तो पक्का बांधला जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उड्डाणापूर्वी वैमानिकाला लेखी कळवले जाते की अमुक जागी अमुक माल आहे. उद्या आग लागली, तर वैमानिक आणि जमिनीवरील अग्निशमन दल त्या माहितीवर निर्णय घेतात.

म्हणजे नियमाला केवळ ‘टाकी धोकादायक आहे का’ एवढेच विचारायचे नाही. ‘तिच्यात काय आहे, हे विमान चालवणाऱ्याला ठाऊक आहे का’ हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. कपड्यांच्या घड्यांत गुंडाळलेली टाकी या दुसऱ्या प्रश्नात नापास होते.

व्हॉल्व्ह काढून टाकी न्यावी का?

नियमात बसले तरी व्यवहारात ते बहुधा परवडत नाही. ॲल्युमिनियमची प्रमाण टाकी रिकामी असतानाही सुमारे १४ किलोची असते. देशांतर्गत प्रवासात अनेक कंपन्यांच्या इकॉनॉमी तिकिटावर चेक-इन सामानाची मर्यादा १५ किलो आहे. म्हणजे टाकी नेली तर कपडेही घरी ठेवायला हवेत.

दुसरे असे की, व्हॉल्व्ह काढणे हे घरच्या पान्याने करायचे काम नव्हे. आत थोडा जरी दाब शिल्लक असेल, तर व्हॉल्व्ह उडून जीवघेणी इजा होऊ शकते. तोंड उघडे राहिले की दमट हवा आणि धूळ आत जाते. पोलादी टाकीत त्यातून गंज धरतो. पोहोचल्यावर रबरी ओ-रिंग तपासून, आतून पाहणी करून व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसवावा लागतो. अशी पाहणी केल्याशिवाय जबाबदार डायव्ह सेंटर टाकी भरून देत नाही. परदेशातून टाकी आणायची, तर आणखी एक पायरी वाढते. भारतात गॅस सिलिंडरांचे नियमन २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांखाली होते आणि ते पाहणाऱ्या, ‘पेसो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. सिलिंडर आयात करायचा, तर तो रिकामा असला तरी या नियमांतून सुटका नाही.

त्यामुळे जगभरचे डायव्हर टाकी आणि शिशाची वजने मुक्कामाच्या ठिकाणी भाड्याने घेतात. बहुतेक सेंटरच्या शुल्कात ती धरलेलीच असतात. भाड्याची टाकी घेताना मात्र तिच्या खांद्यावर कोरलेली शेवटच्या दाबचाचणीची तारीख पाहावी. अमेरिकेत ही चाचणी दर पाच वर्षांनी सक्तीची आहे, तर आतील पाहणी दरवर्षी करण्याचा प्रघात आहे. टाकीवर खोल ओरखडे, पोचे किंवा गंज नाही ना, हे पाहावे. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल, तर ती टाकी परत करावी. यात संकोच करण्याचे कारण नाही.

बाकीचे साहित्य कसे न्यायचे?

मास्क, फिन, वेटसूट, जॅकेट आणि रेग्युलेटर यांना अडचण नाही. रेग्युलेटर आणि डायव्ह कॉम्प्युटर नाजूक व महाग असल्याने अनेक जण केबिन बॅगेत ठेवतात. मशीनवर रेग्युलेटरच्या नळ्या पाहून बॅग उघडायला सांगितली जाण्याची शक्यता असते, म्हणून तो वरच ठेवावा. डायव्हिंगचा चाकू आणि कात्री चेक-इन बॅगेतच.

पाण्याखालच्या प्रखर टॉर्चकडे सहसा दुर्लक्ष होते. पाण्यात तो थंड राहतो. बॅगेत चुकून चालू झाला, तर कपडे पेटवण्याइतका तापू शकतो. त्यामुळे त्याला विमान कंपनीची परवानगी लागते आणि बॅटरी काढून किंवा जोडणी तोडून न्यावा लागतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिन बॅगेत, टोके झाकून. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० वॉट-अवरच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या आणि त्याही परवानगीने. पाण्याखाली ओढून नेणाऱ्या स्कूटरची बॅटरी अनेकदा याहून मोठी असते. ती प्रवाशाच्या सामानात चालत नाही.

आपोआप फुगणाऱ्या जीवरक्षक जॅकेटमधील कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांना मात्र सवलत आहे. जॅकेटमध्ये बसवलेल्या दोन आणि सुट्या दोन, तेही कंपनीच्या परवानगीने.

टाकीला नसलेला उंचीचा धोका डायव्हरला असतो का?

असतो, आणि टाकीच्या चर्चेत तोच विसरला जातो. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब सुमारे एक बारने वाढतो. वाढलेल्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर आल्यानंतर तो हळूहळू, काही तासांत बाहेर पडतो. तो पुरेसा बाहेर पडण्याआधीच डायव्हर विमानात बसला, तर केबिनमधील दाब पाव हिश्शाने उतरताच उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे धरू शकतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होते, तसाच हा प्रकार. सांधेदुखी, मुंग्या येणे, बधिरपणा, चक्कर, अतिथकवा, अंगावर चट्टे ही त्याची लक्षणे. गंभीर प्रकारात मज्जारज्जूला इजा होऊन अपंगत्व येऊ शकते.

म्हणजे पाव बारचा जो फरक धातूच्या टाकीला जाणवतही नाही, तोच माणसाच्या शरीराला महागात पडू शकतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सोप्या आहेत. विनाथांबा वर येता येईल अशी एकच बुडी घेतली असेल, तर विमानप्रवासापूर्वी किमान १२ तास थांबावे. एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस बुड्या घेतल्या असतील, तर किमान १८ तास. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे लागणाऱ्या खोल बुड्यांनंतर १८ तासांहून बराच अधिक काळ. लक्षात ठेवायला सोपे म्हणून अनेक प्रशिक्षक सरसकट २४ तास सांगतात.

मालवणला सकाळी बुडी मारून दुपारी मोपाच्या विमानतळावर जाणारा बेत त्यामुळे टाळायला हवा. आणि उंची फक्त विमानातच असते असे नाही. या सूचना ६१० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू होतात, आणि आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. हौशी पर्यटकाच्या काही मिनिटांच्या उथळ बुडीत शरीरात फार नायट्रोजन साठत नाही. पण दोन-तीन दिवस प्रशिक्षण घेऊन त्याच संध्याकाळी घाट चढणाऱ्यांनी प्रशिक्षकाला विचारूनच निघावे. प्रवासात किंवा नंतर वरील लक्षणे जाणवली, तर अंगावर काढू नये. डॉक्टरांना डायव्हिंग केल्याचे आवर्जून सांगावे, कारण उपचाराला ऑक्सिजन आणि विशेष दाबकक्षाची गरज लागू शकते.

प्रवासाआधी काय करावे?

टाकी नेण्याचा विचारच सोडणे उत्तम. नेणे अटळ असेल, तर जाणकार सेंटरकडून हवा पूर्ण सोडवून व्हॉल्व्ह काढून घ्यावा. टाकीच्या तोंडावर आत पाहता येईल असे, सहज निघणारे आवरण लावावे आणि व्हॉल्व्ह वेगळा ठेवावा. जाताना आणि येताना प्रवास ज्या ज्या कंपनीच्या विमानाने असेल, तिला आधी ईमेलने विचारून लेखी होकार घ्यावा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. काउंटरवर बॅग देतानाच टाकी असल्याचे स्वतःहून सांगावे. मागाहून बॅग अडवली गेली, तर टाकी तर जातेच, पण विमानही चुकू शकते.

आणि परतीचे तिकीट काढताना शेवटची बुडी किती वाजता संपणार, हे आधी पाहावे. टाकीची चौकशी करायला विमानतळावर माणसे असतात. आपल्या रक्तात किती नायट्रोजन उरला आहे, हे तिथे कोणी तपासत नाही.